पांढऱ्या सभागृहातले तिघे

संघर्षला जेवढी मराठी येत होती ती सगळी रागाची होती. आई त्याला समजावायची जर्मनमध्ये आणि रागवायची मराठीत. माया बोलून दाखवायची नाही, ती ताटात वाढायची. त्यामुळे "तोंड सांभाळ", "माझं डोकं खाऊ नको", "खोटं बोललास तर थोबाड फोडीन", "कुणाच्या बापाला भ्यायचं नाही" एवढं त्याला अस्खलित यायचं. त्यापलीकडे काही विचारलं की तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या मराठी घरांतली बहुतेक पोरं अशीच वाढली होती. पण त्या पोरांचं तोंड उघडलं की कुणी चकित होत नसे. संघर्षकडे पाहून मात्र प्रत्येक नवा पाहुणा हमखास म्हणायचा, "अरे वा, ह्याला मराठी कळतं!"

त्याची आई क्रांती साळवे औरंगाबादची. मोजमापांच्या एका संस्थेत संशोधक म्हणून आली आणि इथेच राहिली. त्याच संस्थेत घानाहून आलेला एक माणूस होता. त्याच्याशी तिने लग्न केलं. मुलगा चालायला लागला तोवर तो माणूस टोरांटोला गेला आणि तिथे त्याने दुसरं घर मांडलं. मागे त्याने मुलासाठी आपला रंग ठेवला, केस ठेवले आणि आडनाव ठेवलं. भाषेतला एक शब्द ठेवला नाही, की आपल्याकडे माणूस मेल्यावर काय करतात ते सांगितलं नाही. मुलाचं नाव औरंगाबादहून मामाने फोनवर सुचवलं होतं. लहूमामा म्हणाला होता, "चळवळीतलं नाव पाहिजे, ताई. गुळमुळीत नको."

चौदा एप्रिलला भाड्याच्या सभागृहात सगळे जमत. शोभनाकाकू त्याच्या केसांत बोटं घालून म्हणायच्या, "स्पंज आहे गं बाई, नुसता स्पंज!" कुणी तरी म्हणायचं, "काळा असला तरी गोड आहे हो." म्हणणारी माणसंही काळीच होती. त्यांनाही शाळेत, नोकरीत, भाड्याचं घर शोधताना कुणी ना कुणी हे ऐकवलेलं होतं. पण आपल्याहून काळा कुणी दिसला की माणसाची पाठ जरा सरळ होते. मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ मोटारींच्या कारखान्यात मोठे इंजिनिअर होते. ते दर वर्षी भाषणात जगभरच्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याविषयी बोलायचे. बोलून झालं की संघर्षला स्टेजवर घेऊन त्याच्या हातात फलक द्यायचे, फोटोसाठी. फोटो झाला की फलक परत घ्यायचे.

संघर्ष शिकला नाही. म्हणजे सुतारकाम शिकला. हॅनोव्हरच्या जत्रेएवढ्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनांत कंपन्यांचे मंडप उभारायचे, गालिचे ठोकायचे, आणि प्रदर्शन संपलं की सगळं पुन्हा उखडायचं, हे त्याचं काम. ज्या समाजात शिक्षण हाच देव, त्या समाजात पीएचडी आईच्या मुलाने हातोडा धरणं म्हणजे घरात मयत होण्यासारखं होतं. क्रांतीला कुणी विचारलं की ती तुटक सांगायची, "हॅनोव्हरला मेसेत असतो." मेसे म्हणजे तेच प्रदर्शन. लोकांना वाटायचं, यंत्रं विकत असेल. ती दुरुस्ती करायची नाही.

आपल्याला पुरुष आवडतात हे त्याला लवकर कळलं. हे कुणाला नको आहे तेही लगेच कळलं. बर्लिनला तो शनिवार-रविवार जायचा. फोनवरच्या ओळखींमध्ये गोरे पुरुष आपल्या नावाखाली सरळ लिहायचे, काळे नकोत, आशियाई नकोत. त्याला दोन्ही पाट्या लागू पडायच्या. ज्यांना तो हवा असायचा, त्यांना तो वाघ म्हणून हवा असायचा. सकाळी दारापर्यंत सोडायला येताना त्यांना त्याचं नाव आठवायचं नाही. एका क्लबच्या दारावरचा माणूस त्याला पाहून म्हणाला, "आज नाही." दुसऱ्या खेपेलाही तेच म्हणाला. आज कधी संपणार, हे विचारण्यात अर्थ नव्हता. तो ट्रेनने परत यायचा आणि काचेत स्वतःचा चेहरा दिसू नये म्हणून डब्यातल्या दिव्याखाली बसायचा नाही.

मग त्याला मार्सेलचं स्वयंपाकघर सापडलं.

मार्सेल हॅनोव्हरमध्ये गोदामात काम करायचा. त्याची आई कॅमेरूनची. त्याच्या स्वयंपाकघरात दर शनिवारी दुपारी दोन-चार काळे तरुण जमायचे. सगळे पुरुषांवर प्रेम करणारे, सगळे कुठून तरी हाकललेले. निमित्त केस कापण्याचं. गावातल्या सलूनवाल्यांना ते केस कापता येत नसत, आणि ज्यांना येत त्या दुकानांत त्यांच्या चालण्याबोलण्यावर हसू व्हायचं. म्हणून ते एकमेकांचे केस कापायचे. मशीन एबोच्या हातात. एबो हॅनोव्हरमध्ये ट्राम चालवायचा आणि डोकी तशीच चालवायचा, सावकाश, प्रत्येक थांब्यावर थांबत.

तिथली एक रीत होती. खुर्चीवर बसणाऱ्याने त्या आठवड्यात ऐकलेला एक अपमान सांगायचा. मग बाकीच्यांनी, त्या वेळी काय उत्तर द्यायला हवं होतं ते शोधायचं. उत्तर सगळ्यांना पटेपर्यंत मशीन बंद. डेस्टा नावाचा ब्राउनश्वाइगचा विद्यार्थी एकदा अर्धं डोकं भादरलेल्या अवस्थेत संध्याकाळपर्यंत बसून होता, कारण त्याच्या प्राध्यापकाला द्यायचं उत्तर कुणाला जमेना.

संघर्षला त्यांनी काही हार घालून घेतलं नाही. पहिल्या दिवशी मार्सेल त्याला पाहून म्हणाला, "हा कोण? बॉलीवूड?"

"माझा बाप घानाचा."

"बोल मग त्याची भाषा."

त्याला येत नव्हती. डेस्टा हसला. खुर्चीवर संघर्षने अपमान सांगितला तो हाच, आत्ताचा. तुम्ही म्हणता मी तुमचा नाही, तिकडे म्हणतात मी त्यांचा नाही. मार्सेल स्वतःच्याच वाक्याला उत्तर शोधत बसला आणि त्याला ते सापडेना. शेवटी एबो म्हणाला, "उत्तर असं की, मान खाली घाल, कानामागचं राहिलंय." आणि मशीन चालू केलं. त्यानंतर काही महिन्यांनी संघर्ष एबोच्या घरी राहायला गेला आणि तिथलाच झाला.

क्रांतीला हे कळलं होतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एबोला "तो पोरगा" म्हणायची आणि दिवाणावर बसू द्यायची. पण चहाचा कप त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवायची. मग ती आजारी पडली. औषधांनी केस गळायला लागले, उशीवर पुंजके दिसायला लागले. एका शनिवारी तीच म्हणाली, "मला त्या खुर्चीवर घेऊन चल."

मार्सेलच्या स्वयंपाकघरात ती शाल पांघरून बसली. एबोने मशीन हातात घेतलं आणि रीत सांगितली.

"ऐकलेला अपमान नको," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मी रोज म्हणते तो सांगते. माझ्या पोराला तू वाया घालवलंस. आजही म्हणते. दे उत्तर."

एबोने विचार केला. "वाया गेलेला मला चालतो," तो म्हणाला.

क्रांती हसली नाही. पण मान खाली घातली. एबोने तिचं डोकं पूर्ण उतरवलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. निघताना ती संघर्षला मराठीत म्हणाली, "हात हलका आहे त्याचा." यापेक्षा जास्त ती कधी काही बोलली नाही. ऑक्टोबरात गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मंडळाने ठरवला. रविवारी अकरा वाजता, नेहमीच्या सभागृहात. औरंगाबादहून लहूमामा आला. त्याला जर्मन येत नव्हती आणि थंडी सोसत नव्हती. भाच्यासाठी त्याने पांढरा सदरा आणि लेंगा आणला होता. सकाळी चहा पिताना संघर्षने दोन दिवस घोकलेलं वाक्य टाकलं.

"मामा, एबो पुढं बसणार. माझ्याजवळ."

"कोन एबो?"

"तो. काल भाजी आणली तो."

"मित्र हाय ना तुजा? मित्र मागं बसत्यात. पुढं घरचे."

"तो घरचा आहे."

मामाने कप खाली ठेवला. "घरचं आता कोन ऱ्हायलं? तू आन् मी." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "हे बघ. जे ताईनं मला सांगितलं न्हाई, ते मला ऐकायचं न्हाई."

संघर्षकडे पुढचं मराठी वाक्य नव्हतं. तो उठला, सदरा घातला आणि सभागृहात गेला. आईच्या फोटोसाठी चौथरा त्याने आदल्या दिवशी मंडळाच्या लोकांदेखत स्वतः ठोकला होता, आणि त्याचं काम काय ते तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं. प्लायवूडचा, एक पायरी असलेला, वर पांढरी चादर. मधोमध तथागताची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, खाली क्रांती. सभागृहात ज्योत पेटवायला बंदी होती, म्हणून बॅटरीवरच्या मेणबत्त्या लावल्या होत्या. त्या इमानदारीने लुकलुकत होत्या, पण त्यांना वास नव्हता. पुढे सतरंजी घरच्यांसाठी, मागे खुर्च्या.

माणसं येऊ लागली. सगळी पांढऱ्यात. साड्या पांढऱ्या, सदरे पांढरे, लहान मुलांचे स्वेटरसुद्धा पांढरे. आणि मग दार उघडून ते तिघे आले.

मार्सेल आणि डेस्टाने काळे सूट घातले होते. एबोने बापाचं वस्त्र नेसलं होतं, काळं, त्यावर गडद लाल नक्षी, एका खांद्यावरून घेतलेलं. त्याच्या बापाच्या देशात, घानात, मयताला असंच जातात. क्रांतीसाठी त्याने ते झाल्त्सगिटरला बापाच्या घरी जाऊन कपाटातून काढून आणलं होतं आणि इस्त्री केली होती. पांढऱ्या सभागृहात ते तिघे दारात उभे राहिले तेव्हा बोलणी थांबली.

संघर्षने त्यांना फक्त दिवस आणि वेळ सांगितली होती. पांढरं घालतात हे त्याला सुचलंच नव्हतं. लहानपणापासून आई जे काढून ठेवायची ते तो घालायचा. त्या रंगाला काही अर्थ असतो, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आणि काळ्या-लालचा अर्थ सांगायला त्याचा घानाचा बाप थांबला नव्हता.

शोभनाकाकू लगबगीने आल्या. "अरे, हे काय? काळं घालून आलेत? काही रीतभात?"

"त्यांना माहीत नाही."

"मग तू सांगायचं नाहीस? आईचं कार्य ना तुझ्या?" त्या तिघांकडे पाहून गोड हसल्या, जर्मनमध्ये "बिट्टे, बिट्टे" म्हणाल्या आणि त्यांना अगदी शेवटच्या रांगेत, कोट टांगायच्या दांडीखाली बसवलं. तेवढ्यात उशिरा आलेल्या एका गृहस्थाने न पाहता आपला ओला कोट मार्सेलच्या हातात दिला. मार्सेलने तो नीट टांगला. मग संघर्षकडे पाहून तळहात पुढे करून बोटं हलवली, टीप मागतात तशी. संघर्षला हसू आलं नाही.

तो पुढे सतरंजीवर मामाशेजारी बसला. दुसऱ्या बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा होती. त्याने ती अडवून धरली नाही, की कुणाला बोलावलं नाही. त्रिशरण झालं, पंचशील झालं. आईने त्याला ते पाठ करून घेतलं होतं, म्हणून ओठ आपोआप हलत होते. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, हे त्यानेही इतरांबरोबर म्हटलं.

आदरांजलीची भाषणं सुरू झाली. ताई कशा हुशार होत्या, कशा साध्या होत्या. मग राजाभाऊ माइकपाशी आले. मागच्या रांगेकडे त्यांची नजर गेली आणि चेहरा उजळला. एप्रिलमध्ये उजळायचा तसा.

"आज आपल्या दुःखात आपले आफ्रिकन बांधवही सहभागी झाले आहेत. त्यांचा लढा तो आपला लढा. मी विनंती करतो की त्यांच्या प्रतिनिधीने दोन शब्द बोलावेत." आणि तेच त्यांनी जर्मनमध्ये सांगितलं.

एबो उठला. वस्त्र सावरत पुढे आला. माइक त्याला बुटका पडला. तो जर्मनमध्ये बोलला, ट्राममध्ये पुढच्या थांब्याची सूचना द्यावी तशा आवाजात.

"मी एबो. मी झाल्त्सगिटरला जन्मलो. मी कुणाचा प्रतिनिधी नाही. मी क्रांतीच्या मुलाबरोबर राहतो. आम्ही एकमेकांचे आहोत. क्रांतीला मी आवडत नव्हतो. तिला वाटायचं, तिचा मुलगा माझ्यामुळे वाया गेला. हे तिने मला तोंडावर सांगितलं. लोक माझ्या पाठीमागे बोलतात. तोंडावर बोलणारी मला फार भेटली नाहीत. म्हणून मी तिचे केस उतरवले. म्हणून आज आलो."

सभागृहात जर्मन कळणाऱ्यांच्या माना एकेक करून खाली गेल्या. शोभनाकाकूंची मुलगी ऊर्जा, अकरावीतली, आईकडे पाहून डोळे मोठे करून बसली. न कळणारे होते ते म्हणजे इकडच्यांचे गावाहून आलेले आईवडील आणि लहूमामा. मामाने मोठ्याने विचारलं, "काय म्हनला तो?"

राजाभाऊ क्षणभरही अडखळले नाहीत. "ते म्हणतात, ताई आम्हाला आईसारख्या होत्या. आम्हा सर्व कृष्णवर्णीय मुलांवर त्यांनी पोटच्या पोरासारखं प्रेम केलं. बाबासाहेबांचा विचार आम्हाला त्यांच्याकडून मिळाला."

सगळ्या सभागृहाने श्वास सोडला. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. लहूमामाने रुमाल काढून डोळे टिपले. तोंडात पुटपुटला, "अशीच व्हती ताई."

एबोला मराठी कळत नव्हती. आपलं बोलणं पोचलं असं समजून तो मान लववून परत निघाला, कोटांच्या दांडीकडे. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. संघर्षला ते पाहवलं नाही. हा आता आयुष्यभर समजणार की त्याने हे सांगितलं, आणि लोकांनी ऐकून घेतलं.

"खोटं," संघर्ष म्हणाला.

तो उभा राहिला होता. "खोटं बोलू नको, राजाभाऊ."

सभागृहात कुणाच्या तरी तोंडून "अगं आई" निघालं. अध्यक्षांना अरेतुरे. पण त्याला तेवढंच येत होतं. त्याच्या मराठीत आदराला जागाच नव्हती. त्याच्याशी त्या भाषेत कुणी आदराने बोललं नव्हतं.

"तो असं नाही म्हणाला. आई त्याच्यावर प्रेम नव्हती करत. तिला तो आवडत नव्हता. ती म्हणायची, ह्यानं माझं पोरगं वाया घालवलं. त्याच्या तोंडावर म्हणायची. हे म्हणाला तो." तो थांबला. पुढच्यासाठी शब्द शोधले, मिळाले तेवढे घेतले. "तो माझा आहे. नवरा-बायको राहतात तसं राहतो आम्ही. तू तोंड सांभाळ. माझ्या आईचं तोंड बदलू नको."

"अरे, मी ताईंची अब्रू राखतोय," राजाभाऊ माइकवरच म्हणाले आणि मग दचकून माइक बाजूला केला. "आल्झो, म्हणजे, ही काय जागा आहे का बोलायची?"

"आईच्या फोटोसमोर!" शोभनाकाकू म्हणाल्या. "लाज नाही वाटत?"

मागून एक आवाज आला, "सुतार तो सुतार. काय अपेक्षा करणार?"

"बस खाली," लहूमामा म्हणाला.

संघर्ष बसला नाही.

"बस म्हन्तो ना! ताईनं रात्रंदिस अभ्यास करून एवढं उभं केलं. तू त्याची माती केली." मामाचा आवाज फाटला. तो गुडघ्यावर हात टेकून उठला, कुणाकडे न पाहता रांगांमधून चालत गेला आणि बाहेरच्या गल्लीत जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. दार उघडंच राहिलं.

सतरंजीवर आता दोन माणसांची जागा होती. संघर्षने मागे पाहून एबोला हाताने खूण केली, ये. काय झालं ते डेस्टा त्याच्या कानात सांगत होता. डेस्टालाही मराठी येत नव्हती, पण भांडण कोणत्याही भाषेतलं कळायचं. एबोने नाही म्हणून मान हलवली.

"कुणी उठून गेल्यामुळे रिकामी झालेली जागा मी घेत नाही," तो तिथूनच म्हणाला. "तू मागे ये."

संघर्ष मागे गेला. पांढऱ्या कपड्यांत कोटांच्या दांडीखाली, त्या तिघांमध्ये बसला. पुढची सतरंजी सगळी मोकळी पडली.

आता पुष्पांजली होती. प्रत्येकाच्या हातात एकेक पांढरं फूल आधीच दिलेलं होतं. राजाभाऊंनी कार्यक्रम आवरता घ्यायचं ठरवलं. "प्रथम घरच्यांनी पुढे यावं," ते म्हणाले.

कुणी हललं नाही. सतरंजीवर कुणी नव्हतंच.

रीत अशी, की घरच्यांचं फूल पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी वाहायचं नाही. हातांतली फुलं गरम होऊ लागली. कुणी खोकलं. एक लहान मूल "वान इस्त एस फेर्टिश?" म्हणून आईला विचारू लागलं, कधी संपणार. पलीकडच्या खोलीत खीर आणि पुऱ्या गार होत होत्या. लोकांनी दारातून बाहेर पाहिलं, पण मामा पाठ फिरवून उभा होता. मग लोक राजाभाऊंकडे पाहू लागले.

"घरच्यांनी," राजाभाऊ पुन्हा म्हणाले.

संघर्ष बसून राहिला. त्याला राग येत होता आणि तो राग त्याला आवडत होता. ह्या लोकांना आता माझ्याशिवाय फूल टाकता येत नाही, हे त्याला कळलं. पण एकट्याने उठायचं नाही, हेही त्याने ठरवलं. उठलो तर चौघे. नाहीतर संध्याकाळपर्यंत बसा.

राजाभाऊंनी चष्मा काढला, पुसला. कुणाकडेही न पाहता म्हणाले, "घरचे म्हणून जे कुणी असतील… त्या सर्वांनी."

मग संघर्ष उठला. एबो, मार्सेल, डेस्टा उठले. खुर्च्यांमधली वाट अरुंद होती. ते जाताना बायकांनी पदर आवरून घेतले, एका गृहस्थाने गुडघे आडवे फिरवले. चौघे चौथऱ्यापाशी पोचले. एबोकडे फूल नव्हतं, त्या तिघांना कुणी दिलंच नव्हतं. संघर्षने आपल्या फुलाच्या पाकळ्या चार हातांत वाटल्या. त्यांनी त्या क्रांतीच्या फोटोपुढे वाहिल्या. फोटोत ती नेहमीसारखीच पाहत होती, हे सगळं तिला पटलेलं नाही अशी.

त्यांच्यानंतर रांग लागली. सगळ्यांत शेवटी लहूमामा आला. त्याने वाकून नमस्कार केला. त्या चौघांच्या पाकळ्या पडल्या होत्या ती जागा सोडून, फोटोच्या दुसऱ्या बाजूला त्याने आपलं फूल ठेवलं. संघर्षशी तो काही बोलला नाही. मंगळवारी त्याला विमानतळावर राजाभाऊंनी सोडलं.

जेवायला ते चौघे थांबले नाहीत. लोक पुऱ्या खात असताना संघर्षने चौथऱ्याचे स्क्रू काढले, मार्सेलने फळ्या धरल्या. मंडळाच्या ग्रुपमधून त्याला त्याच संध्याकाळी काढून टाकण्यात आलं. ऊर्जाने मात्र एक निरोप पाठवला, जर्मनमध्ये: आईने विचारलं तर मी हे लिहिलेलं नाही, पण तू बरोबर भाषांतर केलंस.

पुढच्या शनिवारी तो मार्सेलच्या खुर्चीवर बसला. एबोने फडकं गळ्याभोवती बांधलं.

"ह्या आठवड्यातला?"

"खूप आहेत," संघर्ष म्हणाला. "पण उत्तर तिथेच दिलं."

मार्सेल आणि डेस्टाने एकमेकांकडे पाहिलं. असं अजून कधी झालं नव्हतं. अशा वेळी काय करायचं याची रीत ठरलेली नव्हती.

"गेनाऊ, अगदी बरोबर," एबो म्हणाला आणि मशीन चालू केलं. "मग आज फक्त केस."